शनिवारपुरतं मरण

"आज तीन वाजता तू कुठे असशील?" डोरीनने विचारलं.

"इथेच. या खुर्चीत," विल्फ ॲकरॉइड म्हणाला.

"आणि समोर?"

"भाजलेलं कोकरू, पुदिन्याचा सॉस, आणि तू."

"आधी मी म्हण."

"आधी तू. मग कोकरू."

उत्तर बरोबर होतं, तरी डोरीनने जिन्याखालच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे सुटकेस होती, आणि ती रिकामी नव्हती. "आज मैदानावर गेलास तर मी बहिणीकडे, ब्रेंडाकडे जाणार. समुद्रकाठी. आणि या खेपेला परत यायचं नाव काढणार नाही."

तिचंही काही चुकत नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी याच तारखेला सकाळी त्यांचं लग्न लागलं, आणि दुपारी नवरदेव त्याच सुटात ब्रॅकनशॉ टाउन या गावच्या फुटबॉल क्लबच्या गोलमागे कठड्याला टेकून रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मुलगी झाल्याची बातमी त्याला मैदानाच्या लाउडस्पीकरवरून कळली होती. बातमी ऐकून त्याने टोपी उडवली असं लोक सांगत. डोरीनला मात्र पक्का संशय होता की टोपी उडाली ती त्याच क्षणी मिळालेल्या कॉर्नरसाठी. चाळीस वर्षांत तिने एक शनिवार मागितला होता. माणसाला लाज असेल तर तो नाही म्हणणार नाही, आणि विल्फला लाज होती. फक्त ती शनिवारी दुपारी घरी राहायची.

पण शनिवार तरी कुठला निघावा! हंगामातला शेवटचा सामना, समोर स्केल्बी रोव्हर्स, आणि ब्रॅकनशॉ टाउन गुणतक्त्याच्या तळाशी. जिंकले तर तरले. बरोबरी झाली तरी लीगबाहेर. क्लबचे अध्यक्ष नॉर्मन प्लॅट, म्हणजे हमरस्त्यावरचे खाटीक, यांनी दुकानात सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "खाली गेलो तर मैदान विकायचं. मी किती दिवस सॉसेज विकून अकरा माणसं पोसू?" विल्फने ते ऐकलं तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. गिरणी गेली, रेल्वे स्टेशन गेलं. आता गावात गाव म्हणण्यासारखं एवढंच उरलं होतं.

सकाळी तो फुलं आणायला बाहेर पडला. दुकानात फक्त पांढऱ्या लिली उरल्या होत्या, त्या त्याने घेतल्या. घराकडे वळायचं तर पाय मैदानाकडे वळले. पायांना चाळीस वर्षांची सवय. त्यांना लग्नाचा वाढदिवस काय कळणार? मैदानावर रेघा मारायचं काम विल्फचंच असल्यामुळे बाजूच्या फाटकाची किल्ली त्याच्या खिशात असे. मैदान रिकामं होतं. गिरणीच्या बाजूच्या गोलमागे, कठड्याशी आपल्या जागेवर तो जरा वेळ उभा राहिला आणि त्याला एकदम भरून आलं. आपण नसू, निदान आपला मफलर तरी असू दे. त्याने गळ्यातला तपकिरी-पिवळा मफलर काढला, फुलं खाली गवतावर ठेवली, आणि मफलर कठड्याला घट्ट बांधला. तेवढ्यात चर्चच्या घड्याळाचे ठोके पडले. विल्फ दचकला आणि घराकडे पळत सुटला. फुलं तिथेच राहिली.

घरी डोरीनने रस्त्याकडचे पडदे ओढून घेतले होते. दुपारनंतर त्या खिडकीसमोरून सगळं गाव मफलर घालून मैदानाकडे जाई, आणि ते पाहिल्यावर विल्फ खुर्चीत टिकेल याची तिला खात्री नव्हती. टेलिफोनचा रिसीव्हरही तिने उचलून बाजूला ठेवला होता. "तो प्लॅट शनिवारी फोन केल्याशिवाय राहत नाही," ती म्हणाली. मग तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "फुलं?"

"दुकानात... राहिली," विल्फ म्हणाला. अर्धं खरं होतं.

 डोरीनने टेबलाच्या मधोमध फुलदाणी ठेवली, तिच्यात पाणी भरलं, आणि बटाटे सोलायला बसली. अडीच वाजेपर्यंत ती रिकामी फुलदाणी विल्फकडे बघत राहिली. पडद्यापलीकडून पावलांचे आवाज येत होते, कुणीतरी गात होतं. पावणेतीनला ते सगळे आवाज थांबले, आणि तेच विल्फला सोसेना.

"दहा मिनिटांत फुलं घेऊन येतो."

"विल्फ."

"डोरीन, आपल्या लेकीची शपथ. फुलं उचलतो आणि येतो."

 "दहा मिनिटं. तीनला मी ओव्हन उघडणार. कोकरू करपेपर्यंत वाट बघेन, त्यापुढे नाही."

विल्फ बाजूच्या फाटकाने आत शिरला, आणि थबकला. मैदान भरलेलं होतं, पण आवाज म्हणून नव्हता. दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती खाली मान घालून उभे होते. सगळ्या गावाच्या टोप्या हातात. कोणीतरी गेलं होतं.  विल्फने आपली टोपी काढली, मान खाली घातली आणि मनातल्या मनात म्हाताऱ्यांची उजळणी सुरू केली. आर्थर असेल का? आर्थरचा खोकला गेले दोन महिने काही बरा नव्हता. बिचारा! त्याच्याशी गेल्या शनिवारी आपण ऑफसाइडवरून भांडलो. विल्फचे डोळे भरून आले.

शिट्टी वाजली. लाउडस्पीकर खरखरला आणि प्लॅटचा जड आवाज आला. "धन्यवाद, मंडळी. विल्फ ॲकरॉइडच्या आत्म्याला शांती लाभो."

विल्फने आधी मान डोलावली. मग ती खाडकन वर केली.

चहाच्या टपरीतून ग्लेनिस हे बघत होती. ग्लेनिस त्या टपरीत इतकी वर्षं चहा ओतत होती की गावातल्या प्रत्येकाची साखर तिला पाठ होती. तिच्या हातातली किटली पडली, पण ती किंचाळली नाही. बाहेर आली, विल्फची कॉलर धरली, त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"तू मेलायस ना?" ती म्हणाली.

"मला कोणी सांगितलं नाही."

"अरे, मग कठड्यावर मफलर कोणाचा? खाली लिली कोणाच्या? पांढऱ्या! आपल्याकडे कठड्याला मफलर आणि खाली फुलं कधी ठेवतात? आर्थरने सकाळी पाहिलं आणि तिथेच मटकन खाली बसला."

"एक फोन करायचा होता!"

"वीस केले! सतत एंगेज. सगळे म्हणाले, बिचारी डोरीन नातेवाइकांना कळवत असेल. शेवटी प्लॅटसाहेब स्वतः तुझ्या घरापर्यंत गेले. भर दिवसा पडदे ओढलेले! घरातलं माणूस गेल्याशिवाय कोणी असे पडदे ओढतं का? ते दार न वाजवता परत आले, डोळे पुसत. म्हणाले, आज तिला त्रास नको." ग्लेनिसने श्वास घेतला. "आणि खरं सांगू? सामना सुरू व्हायला आला आणि तू जागेवर नाहीस. एवढा पुरावा कोर्टातसुद्धा लागत नाही."

"मी आत्ता जाऊन सांगतो," म्हणत विल्फने कडीला हात घातला.

आणि बाहेर एकच गर्जना झाली. टपरीचं पत्र्याचं छप्पर थरथरलं. विल्फने फटीला डोळा लावला. गॉर्डन टिल दोन्ही हात वर करून कठड्याकडे, मफलरकडे, धावत येत होता. गॉर्डन टिल! दिवाळखोर माणूस देणी चुकवतो तसा त्याने हिवाळाभर गोल चुकवला होता. आज त्याने पहिल्याच मिनिटाला गोल ठोकला होता आणि आता आभाळाकडे बोट दाखवत होता.

"तुझ्यासाठी," ग्लेनिस कुजबुजली. "विल्फ, बाहेर पाऊल टाकलंस तर याद राख. तू मेलेला आहेस म्हणून ही पोरं जीव तोडून खेळतायत."

"पण डोरीन! कोकरू!"

"कसा जाशील? फाटकापर्यंत जायचं तर सगळ्या स्टँडसमोरून जावं लागेल. आलास तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या. आता नाहीत."

 बाहेर पडावं तर क्लब बुडतो, आत बसावं तर संसार. फटीतून चर्चचं घड्याळ दिसत होतं, आणि दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. तो काउंटरखाली साखरेच्या पोत्यावर बसला.

सगळ्यात कठीण होतं ते गप्प बसणं. विल्फ सामना डोळ्यांनी कमी आणि घशाने जास्त बघायचा. स्केल्बीच्या खेळाडूने पहिली धडक मारली तेव्हा त्याच्या तोंडून "अरे ए—" एवढं निघालंच. ग्लेनिसने चपळाईने त्याच्या तोंडात गरम सॉसेज रोल कोंबला. "चावत बस," ती म्हणाली. विल्फ चावत बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते रोलचं होतं की बाहेर ऐकू येणाऱ्या बोलण्याचं, ते त्यालाच कळेना. काउंटरसमोर रांग लागली होती, आणि रांगेत त्याचाच विषय होता.

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण माणूस भयंकर होता," एक जण म्हणाला.

"भयंकर! माझ्या शेजारी उभा राहायचा," दुसरा म्हणाला. तो आवाज आर्थरचा होता. "ओरडला की थुंकी माझ्या मानेवर. इतकी वर्षं मी शनिवारी मान पुसतोय. आज मान कोरडी आहे रे. कसंसंच होतंय मला."

काउंटरखाली विल्फने नाक ओढलं. ग्लेनिसने त्याला लाथ मारली.

मध्यंतरात प्लॅट चहाला आले. काउंटरवर वाकले, खाली नजर गेली, आणि कप हातातच राहिला. 

"नॉर्मन, मी जिवंत आहे," विल्फ हळूच म्हणाला.

प्लॅटनी मागे-पुढे पाहिलं. "कोणी पाहिलं?"

"मीच फक्त," ग्लेनिस म्हणाली.

"मग शिट्टी होईपर्यंत मेलेलाच राहा." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "विल्फ, आत पोरं रडतायत. मी त्यांना म्हटलं, शेवटच्या श्वासाला विल्फच्या ओठांवर ब्रॅकनशॉचं नाव होतं. आता मी आत जाऊन काय सांगू, की त्याच्या ओठांवर सॉसेज रोल आहे?"

"डोरीन घर सोडून जाईल रे!"

"घर एकाचं जाईल. मैदान सगळ्यांचं आहे." मग त्यांनाच आपल्या बोलण्याची लाज वाटली असावी. "मी स्वतः येईन तिला समजवायला. उद्या. मांडीचा चांगला तुकडा घेऊन येईन."

दुसऱ्या भागात स्केल्बीने बरोबरी केली. त्यानंतर अर्धा तास मैदानावर जे चाललं होतं त्याला खेळ म्हणता येणार नाही. ती बुडत्याची धडपड होती. चेंडू ब्रॅकनशॉच्या गोलसमोरून हलेना. लोकांनी ओरडणंसुद्धा सोडलं. विल्फने फटीला डोळा लावला होता आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरलं होतं. घड्याळाचा काटा पाच वाजायच्या दिशेने सरकत होता, आणि घरी कोकरू कोळसा झालं असणार हे त्याला दिसत होतं.

तेवढ्यात दूरच्या टोकाला खळबळ झाली. गर्दी दुभंगली. टोप्या निघू लागल्या. आणि त्या वाटेने, अंगात बाहेर जायचा कोट, हातात सुटकेस, डोरीन चालत आली.

चेहरा असा होता की रेफ्रीनेही वाट दिली असती. तिला फक्त विल्फला शोधायचं होतं, चार शब्द सुनवायचे होते, मग समुद्रकाठची बस धरायची होती. पण पहिल्याच पायरीवर एका धिप्पाड माणसाने तिचा हात हातात घेतला आणि तो हुंदके देऊ लागला. पुढे कोणीतरी तिच्या खांद्यावर स्वतःचा मफलर घातला. "धीर धर, डोरीन." "माणूस सोन्यासारखा होता गं." बिचारी चक्रावून गेली. लोकांनी तिला हलक्या हाताने कठड्यापाशी नेलं. तिथे लिलींचा पत्ता नव्हता. त्यांच्यावर फुलांचा ढीग झाला होता. डॅफोडिल्स, गुलाब, कोणीतरी बागेतून उपटून आणलेली मातीसकट रोपं. ढिगावर कार्डं. डोरीनने वाकून एक उचललं. "विल्फला. शनिवार आता शनिवार राहिला नाही. आर्थर."

विल्फला फटीतून तिची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली. तिला कळलं होतं.

त्याच क्षणी मैदानाने श्वास रोखला. स्केल्बीच्या बचावपटूने गॉर्डन टिलला गोलसमोर आडवं पाडलं होतं. पेनल्टी! याच टोकाला. वेळ संपत आली होती. गॉर्डनने चेंडू ठेवला, मान वर केली, आणि त्याला कठड्याशी उभी असलेली विधवा दिसली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

डोरीन हळूहळू वळली. तिची नजर टपरीच्या फटीवर आली आणि तिथल्या एकुलत्या एक डोळ्यावर थांबली. चाळीस वर्षांच्या संसारात हा डोळा ओळखायला वेळ लागत नाही.  ती आता ओरडणार. तिला तसा हक्कच होता. तिने तोंड उघडलंसुद्धा.

मग तिने पुन्हा लोकांकडे पाहिलं. आर्थर नाक पुसत होता. प्लॅट डोळे मिटून उभे होते. एवढ्या माणसांना तिचा हा तोंडाळ, हट्टी, थुंकी उडवणारा माणूस हवा होता. आजवर तिला वाटत होतं की ही माणसं त्याला तिच्यापासून पळवून नेतात. हीच माणसं त्याला इतकी वर्षं सांभाळत होती, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. डोरीनने उघडलेलं तोंड मिटलं, पर्समधून रुमाल काढला, आणि डोळ्यांना लावून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.

गॉर्डनने चेंडू मारला.

पुढे काय झालं ते विल्फला दिसलं नाही, कारण फटीसमोर माणसंच माणसं उड्या मारत होती. पण छप्पर थरथरलं, आणि विल्फनेही पोत्यावर उभं राहून अशी डरकाळी फोडली की कपाटातले कप खाली आले. त्या गोंधळात मेलेल्या माणसाची डरकाळी कोणाला ऐकू गेली नाही. शेवटची शिट्टी झाली. ब्रॅकनशॉ टाउन वाचलं होतं.

गर्दी पांगल्यावर गॉर्डन टिल टपरीवर आला. विल्फ बाहेर येऊन पोराला मिठी मारणार, तोच गॉर्डनचं बोलणं कानावर पडलं आणि तो काउंटरखालीच थांबला.

"ग्लेनिस, कोणाला सांगू नकोस," गॉर्डन म्हणत होता. "म्हाताऱ्याचं वाईट वाटतंच. पण तीन वर्षांत आज पहिल्यांदा मला या टोकाला शांतपणे चेंडू मारता आला. एरवी मी पाय उचलला की तो कठड्यावरून माझ्या आजीच्या चालण्याची नक्कल करायचा. आज कसं निवांत होतं! हा माणूस आधी गेला असता ना, तर आपण लीग जिंकलो असतो."

"गॉर्डन," काउंटरखालून आवाज आला, "पेनल्टी उजवीकडे मारलीस की डावीकडे? मला दिसली नाही."

गॉर्डनला शुद्धीवर आणायला ग्लेनिसला अर्धी किटली पाणी लागलं.

विल्फ आणि डोरीन घरी गेले ते सगळी फुलं घेऊन. फुलदाणी भरली, मग बादली, मग किटली, मग आंघोळीचा टब. कोकरू कोळसा झालं होतं. त्यांनी ब्रेड आणि पुदिन्याचा सॉस खाल्ला. सुटकेस पुन्हा रिकामी झाली. डोरीन रात्रीपर्यंत कार्डं वाचत होती. "लोक तुझ्याबद्दल किती चांगलं लिहितात," ती म्हणाली, "तुला ओळखत असूनसुद्धा."

गावाला रविवारी सगळं कळलं. आर्थर तीन दिवस विल्फशी बोलला नाही. फुलांचा खर्च त्याच्या जिव्हारी लागला होता. पण नवा हंगाम जवळ आला तसे प्लॅट मांडीचा तुकडा घेऊन घरी आले आणि टोपी फिरवत बसले. "विल्फ, कसं सांगू? गॉर्डन म्हणतो, पहिल्या सामन्याला जरा... तू नसलास तर... फक्त एकच शनिवार."

विल्फने खिडकीबाहेर पाहिलं.  "क्लबसाठी मी एकदा मेलोय," तो म्हणाला. "एक दिवस घरी बसायला काय जातं?" डोरीनने टेबलाखाली त्याचा हात धरला.

त्या शनिवारी डोरीनने त्याचा मफलर गळ्यात घातला. "तुझ्या जागेवर नुसता बांधून येते," ती म्हणाली. "कोकरू ओव्हनमध्ये आहे. दहा मिनिटांत आलेच."

विल्फने पडदे ओढून घेतले, म्हणजे कोणी दिसायला नको. बटाटे सोलले. तीनचे ठोके पडले. मैदानावरून पहिली गर्जना आली आणि विरली, आणि मग त्या शांततेत एकच आवाज छपरांवरून स्पष्ट ऐकू आला. तो आवाज विल्फने हजारांतून ओळखला असता.

"गॉर्डन टिल! अरे, तुझ्यापेक्षा माझं करपलेलं कोकरू जोरात पळेल!"

विल्फने घड्याळाकडे पाहिलं, ओव्हन उघडून कोकरू उलटून ठेवलं, आणि आच थोडी कमी केली.